तास सरळ पाहिजे: मोबाईलची स्क्रीन मापात कशी बांधायची

२०२४-२५ च्या हंगामात कापसाचे हमीभाव दोन होते. लांब धाग्याला क्विंटलमागे ७,५२१ रुपये आणि मध्यम धाग्याला ७,१२१. लिहिताना फरक एकाच अंकाचा, हातात पडताना क्विंटलमागे ४०० रुपयांचा. हे भाव मोबाईलवर दिसावेत म्हणून त्या वर्षी मी ओळखीच्या लोकांसाठी एक छोटी स्क्रीन केली होती. वर 'लांब धागा', खाली आकडा, त्याखाली 'मध्यम धागा', खाली आकडा. चारही ओळींमध्ये सारखंच १२ डीपीचं (हे माप काय, ते पुढे येईल) अंतर ठेवलं होतं आणि मला ते फार नीटनेटकं वाटलं होतं.

आठेक दिवसांनी शेजारच्या गावचे एक काका दारव्हा रोडवर भेटले. म्हणाले, "भौ, तुह्या मोबाईलात तं मध्यमले साडेसात हजार लिवलं हाय. मंग हे लोक काऊन देऊन नाई राह्यले?" फोन बघितला. स्क्रीन बोटाने जराशी वर सरकली होती आणि 'लांब धागा' ही ओळ वरच्या पट्टीखाली गेली होती. दिसत होतं ते असं: ७,५२१, मग मध्यम धागा, मग ७,१२१. मधलं नाव वरच्या आकड्याचं की खालच्या, हे सांगणारं तिथे काही नव्हतंच. काकांनी ते वरच्याचं धरलं. वीस क्विंटल कापूस असलेल्या माणसाच्या हिशोबात माझ्या त्या सारख्या अंतराने आठ हजारांची खोटी भर घातली होती.

हा लेख गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी राहून स्क्रीन डिझाइन शिकायला बसलेल्या पोरापोरींसाठी आहे. ॲप कोणतंही असो, भावाचं, दूध डेअरीचं, बचत गटाच्या हप्त्याचं किंवा फवारणीच्या वेळापत्रकाचं, स्क्रीन 'छान दिसते का' हा प्रश्न नंतरचा. ती मापात आहे का, हे आधी. सरावासाठी आपण तीच हमीभावाची स्क्रीन पुन्हा बांधू.

आधी सामान

एक लॅपटॉप, जुना चालेल. एक अँड्रॉइड फोन, तोही शक्यतो साधाच, कारण बघणाऱ्याच्या हातात तसाच असणार. डिझाइनसाठी फिग्मा ब्राउझरमध्ये उघडतं आणि शिकण्यापुरतं फुकटात भागतं. पेनपॉट हा दुसरा पर्याय, तो मुक्त-स्रोत आहे. लाइन गेली किंवा नेट तुटलं तर फिग्माचा टॅब बंद करू नका. टॅब उघडा राहिला तर नेट आल्यावर केलेलं काम वर चढतं. लोडशेडिंगच्या दिवसांत ही एवढी सवय लावून घ्या.

फिग्माच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी लगेच करा. 'स्नॅप टू पिक्सेल ग्रिड' चालू ठेवा, म्हणजे वस्तू अर्ध्यामुर्ध्या मापावर न बसता पूर्ण मापावर बसते. आणि शिफ्ट दाबून बाणाची कळ दाबली की वस्तू १० घरं (फिग्मातल्या मापाची एककं) सरकते, ते 'नज अमाउंट'मध्ये जाऊन ८ करा. का, ते पुढे येईलच.

नवीन चौकट घ्या, ३६० रुंद आणि ८०० उंच. ही ३६० घरं म्हणजे फोनच्या स्क्रीनवरचे खरे ठिपके नव्हेत. अँड्रॉइडमध्ये या मापाला डीपी म्हणतात. एका इंचात १६० ठिपके असलेली स्क्रीन पायाभूत धरली तर तिथे एक डीपी म्हणजे एक ठिपका. आताच्या फोनवर ठिपके दाट असतात, म्हणून एका डीपीत दोन, पावणेतीन, तीन ठिपके बसतात. तुमच्या फोनची रुंदी किती डीपी आहे हे बघायचं असेल तर फोनच्या सेटिंगमधले डेव्हलपर ऑप्शन्स चालू करून 'स्मॉलेस्ट विड्थ' शोधा. कुणाचा ३६० निघतो, कुणाचा ३९३, कुणाचा ४११. तिथला आकडा फक्त वाचा, बदलू नका. बदलला तर अख्ख्या फोनचं रूप पालटतं आणि घरचे तुमच्या नावाने ओरडतात.

पहिली पायरी: दुसऱ्याचं शेत मोजा

स्वतः काही काढण्याआधी तुम्ही रोज वापरता त्या ॲपच्या एका स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्या. फोन ३६० डीपीचा आणि स्क्रीनशॉट १०८० ठिपके रुंद असेल तर प्रमाण तीनाचं. तो चौकटीत आणून प्रमाण न बिघडवता ३६० रुंदीचा करा. मग त्यावर लाल चौकोन काढत जा. डाव्या कडेपासून मजकूर किती आत आहे? नाव आणि त्याचा आकडा यांत किती जागा? दोन ओळींच्या मधे किती? बटणाची उंची किती? प्रत्येक चौकोनात माप लिहा.

बहुतेक चांगल्या ॲपमध्ये तुम्हाला तेच ते आकडे पुन्हा पुन्हा सापडतील: ८, १६, २४. आणि कुठेतरी एखादा १३ किंवा १९ सापडेल, तिथे डोळा का अडखळत होता ते मापावरून कळेल. हे काम कंटाळवाणं आहे, पण दोन-तीन स्क्रीन अशा मोजून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. निव्वळ बघून शिकलेला डोळा १४ आणि १६ यांतला फरक ओळखत नाही. मोजून शिकलेला ओळखतो.

दुसरी पायरी: अंतर

कापसाची चौफुली लागवड तुम्ही पाहिली असेल. शेतात उभ्या रेघा पाडायच्या, मग आडव्या, आणि जिथे फुली पडेल तिथे बी टोबायचं. दुरून नक्षीसारखं दिसतं, पण ते नक्षीसाठी नसतं. दोन ओळींतलं अंतर डवऱ्याच्या (तण काढायच्या बैलाच्या अवजाराच्या) रुंदीवरून ठरतं, म्हणजे पुढे उभी आणि आडवी अशी दोन्हीकडून डवरणी होते. एका जागी ओळ, म्हणजे तास, वाकडी गेली तर डवरा नेमका तिथे झाड कापतो, आणि बैल हाकणारा ओळ पाडणाऱ्याला शिव्या घालतो.

स्क्रीनवर ८ च्या पटीत अंतर ठेवतात त्यालाही असंच कारण आहे. फोनच्या स्क्रीनची दाटी वेगवेगळी: कुठे दीडपट, कुठे २, कुठे २.६२५, कुठे २.७५, कुठे ३. आता ८ ला यांनी गुणून बघा. १२, १६, २१, २२, २४. सगळीकडे पूर्ण ठिपके येतात. हेच १० घेतलं तर २.६२५ वर २६.२५ आणि २.७५ वर २७.५. पाव ठिपका किंवा अर्धा ठिपका स्क्रीनला काढता येत नाही. मग फोन एक तर तो सरकवतो, नाहीतर दोन ठिपक्यांत पुसट वाटून टाकतो, आणि तुमची रेघ एका फोनवर तलम, दुसऱ्यावर मळकट दिसते. बारीक जागांसाठी ४ चालतं, पण २.६२५ वर त्याचे साडेदहा होतात हे लक्षात असू द्या.

म्हणून आपल्या स्क्रीनची मापं अशी ठरवू. दोन्ही कडांना १६. नाव आणि त्याचा आकडा यांत ४. एका पिकाचा आकडा आणि पुढच्या पिकाचं नाव यांत २४. काकांची चूक इथेच मिटते: 'मध्यम धागा' हे नाव खालच्या आकड्याच्या सहापट जवळ आहे, वरची ओळ सरकून झाकली गेली तरी ते कुणाचं हे विचारायला लागत नाही. जवळची वस्तू आपली, लांबची परकी, एवढंच डोळ्याला कळतं. नाव-आकडा अंतर आणि पीक-पीक अंतर यांत निदान दुपटीचा फरक हवा; १२ आणि १६ ठेवलेत तर तुम्हाला फरक दिसेल, कारण तुम्ही ठेवलाय, बाकी कुणाला दिसणार नाही.

फिग्मात एक वस्तू निवडून ऑल्ट कळ दाबून दुसरीवर माउस नेला की मधलं अंतर लाल आकड्यात दिसतं. काम संपल्यावर एकदा सगळ्या जोड्यांवरून असा हात फिरवा. १५.६७ सारखा आकडा दिसला की समजायचं, कुठेतरी डोळ्याच्या अंदाजाने ओढलंय.

तिसरी पायरी: अक्षरं

इथे जरा जास्त थांबू, कारण डिझाइनच्या शिकवण्या बहुतेक रोमन अक्षरांच्या हिशोबाने बनलेल्या असतात आणि आपली अक्षरं त्या हिशोबात बसत नाहीत.

देवनागरीचं अक्षर शिरोरेघेला लटकतं. रेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. म्हणजे एका ओळीला तीन मजले. रोमनसाठी ठेवलेली ओळीची उंची आपल्याला दिली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अक्षराचा आकार १६ असेल तर परिच्छेदासाठी ओळीची उंची २८ ठेवा, एका ओळीच्या नावाला २४ पुरते. बटणाची उंची कमी पडली तर सगळ्यात आधी वेलांटीचा शेंडा कापला जातो. 'नोंदणी'ची 'नोंदणा' झालेली मी छापील फ्लेक्सवरसुद्धा पाहिली आहे.

फॉन्ट फुकट आणि चांगले आहेत. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, गुगलचा नोटो सान्स देवनागरी, इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद. यांपैकी एक घ्या आणि एकच घ्या. जाड आणि साधा अशी दोन वजनं पुष्कळ झाली. लहान आकारात फार जाड वजन टाळा. 'ध', 'थ', 'क्ष' यांच्या पोटातली जागा भरून जाते आणि डाग उरतो. गावातल्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानातून जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीतला मजकूर मिळाला तर तो तसाच चिकटवू नका, त्या फॉन्टबाहेर तो नुसता कचरा दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर सरळ पुन्हा टाइप करा. बदललेल्या मजकुराची जोडाक्षरं आणि शुद्धलेखन तपासायलाही तेवढाच वेळ लागतो.

फॉन्ट निवडण्याआधी हे शब्द त्यात लिहून बघा: शेतकऱ्यांचे, तऱ्हा, सर्वसाधारण, उत्कृष्ट, दुष्काळ, कर्जमाफी, द्वितीय. पहिल्या दोन शब्दांत अर्धा र य आणि ह च्या आधी आडव्या रेघेसारखा दिसला पाहिजे. तो रफार होऊन 'शेतकर्यांचे' झाला तर एक तर टंकताना चूक झाली आहे किंवा फॉन्ट मराठीला कच्चा आहे. आणखी एक खूण ल आणि श यांची. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा, श देठाचा, हिंदीचे वेगळे. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्यावरच मराठीची बाहेर येतात. तेव्हा वेबपेज बनवणाऱ्याला भाषेचा टॅग 'एमआर' (mr) लावायला आठवणीने सांगा. हे कुणी तुमच्याकडे मागणार नाही. पण शाळेत ज्या ल ने वाचायला शिकलो तो समोर असला की नजर न अडखळता पुढे जाते.

अक्षरांतलं अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, शून्य ठेवा. रोमन मथळ्यांना मोकळं करायला लोक २-३ टक्के अंतर देतात, तेच आपल्याला दिलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. यावर माझं मत पक्कं आहे, अपवाद नाही.

बटणातला मजकूर मधोमध बसवणं हा वेगळाच त्रास. 'जतन करा' या शब्दांना वर काहीच नाही, 'नोंदणी'ला वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं. सॉफ्टवेअर फॉन्टच्या अदृश्य चौकटीवरून मध्य काढतं, डोळा शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतच्या अंगावरून काढतो. दोन्ही जुळत नाहीत. तेव्हा शिरोरेघेपासून बटणाची वरची कड आणि अक्षराच्या पायापासून खालची कड मोजा, फरक असेल तर वरची जागा एक-दोन घरं कमी-जास्त करा. पण हे एकदाच, सगळ्या बटणांना मिळून. शब्दागणिक वेगळी जागा ठेवायला गेलात तर शेजारशेजारच्या दोन बटणांच्या शिरोरेघा वरखाली होतील. ते मधोमध नसण्यापेक्षा वाईट.

चौथी पायरी: आकडे

भावाच्या तक्त्यात आकडे उजवीकडे जुळवायचे. एककाखाली एकक, दशकाखाली दशक, तिसरीत बेरीज शिकताना मांडायचो तसे. हे तर सगळे जाणतात. पण उजवीकडे जुळवूनही शतकस्थान हलतं, कारण काही फॉन्टमध्ये प्रत्येक अंकाची रुंदी वेगळी असते. तपासायला ११११ आणि त्याखाली ८८८८ लिहा. दोन्ही सारखे लांब आले तर ठीक. नाही आले तर फॉन्टमध्ये टॅब्युलर, म्हणजे सारख्या रुंदीच्या, अंकांची सोय आहे का बघा, आणि नसेल तर तक्त्यासाठी फॉन्ट बदला.

७,५२१ आणि ७,१२१ ही जोडी याच कामाची आहे. दोन्ही एकाखाली एक ठेवून फोन हातभर लांब धरा. ५ आणि १ चटकन वेगळे वाटतात? मग ७,१२१ आणि ७,९२१ ठेवा. देवनागरीतले १ आणि ९ बारीक आकारात फार जवळ येतात. भावाचा आकडा नावापेक्षा मोठा ठेवा, नाव १६ असेल तर आकडा २४. रुपयाचं चिन्ह ₹ वापरणार असाल तर ते त्याच फॉन्टमधलं आहे ना बघा. फॉन्टमध्ये नसलं तर फोन ते दुसरीकडून उसनं आणतो आणि ते शेजारच्या अंकांपेक्षा बुटकं किंवा बारीक दिसतं. माझ्या मते तक्त्याच्या वर एकदा 'रुपये प्रति क्विंटल' लिहून टाकावं आणि प्रत्येक ओळीतलं चिन्ह काढून टाकावं.

स्वल्पविराम आपल्या पद्धतीने: १,२५,०००. परदेशी साच्यात तो १२५,००० होतो आणि वाचणारा क्षणभर बारा हजार पाचशे की सव्वा लाख या गोंधळात पडतो.

देवनागरी अंक की इंग्रजी? भावासारख्या नुसत्या वाचायच्या आकड्यांना मी देवनागरी ठेवतो. पण ओटीपी, मोबाईल नंबर, खाते क्रमांक जिथे टाइप करायचा तिथे इंग्रजी, कारण कीपॅडवर तेच दिसतात. एका रकान्यात दोन्ही मिसळू नका.

जमिनीचं क्षेत्र दाखवायचं असेल तर आणखी जपून. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि १०० आरचा एक हेक्टर. १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, जवळपास तीन एकर. संगणकाला शेवटचं शून्य निरर्थक वाटतं, तो १.२ लिहितो. सातबारा वाचायची सवय असलेला माणूस ते एक हेक्टर दोन आर वाचू शकतो. म्हणजे अडीच एकरच. एका शून्यात अर्धा एकर गेला! पॉइंटनंतर दोन अंक कायम दाखवा, असं बनवणाऱ्याला लिहूनच द्या.

पाचवी पायरी: रंग, आणि ऊन

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं लॅपटॉपवर फार सोज्वळ दिसतात. तीच स्क्रीन दुपारी बारा वाजता बाजार समितीच्या आवारात उघडा. काहीही दिसणार नाही. त्यात मे महिन्यात फोन तापला की तो स्वतःच ब्राइटनेस खाली आणतो.

यासाठी जगभर मान्य असलेलं एक माप आहे. डब्ल्यूसीएजी नावाच्या सुगम्यतेच्या नियमावलीत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी निदान ४.५ ला १ असा उजेडाचा फरक सांगितला आहे, मोठ्या अक्षरांना ३ ला १. रंगाचा सहा अंकी कोड ७६७६७६ असलेला राखाडी पांढऱ्यावर ४.५४ देतो, पास. एकच पायरी फिका ७७७७७७ घेतला तर ४.४८, नापास. आणि डिझाइनवाल्यांचा लाडका ९९९९९९ देतो २.८५. हा फरक मोजून देणारी साधनं फुकट मिळतात, अंदाजाने ठरवू नका. आणि हे किमान माप सावलीत बसलेल्या माणसाला धरून आहे असंच समजा. आपल्याकडच्या उन्हासाठी मी भावाच्या आकड्याला ७ च्या खाली जात नाही. सरळ गडद शाई, पांढरा कागद.

भाव चढला तर हिरवा, उतरला तर लाल, एवढ्यावर सोडू नका. ज्यांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्यांच्यासाठी बाण लागतो. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये रंग काढून टाकून बघायची सोय आहे, 'सिम्युलेट कलर स्पेस'मध्ये. ती लावल्यावरही चढ-उतार कळला पाहिजे.

सहावी पायरी: बोट आणि चित्रं

बटण निदान ४८ डीपी उंच आणि ४८ रुंद. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात हाच आकडा आहे. ॲपल ४४ सांगतं. डब्ल्यूसीएजीच्या २०२३ च्या आवृत्तीत किमान २४ आहे, पण तो अगदीच तळाचा. कापूस वेचून बोंडाच्या टोकांनी खरचटलेलं, चिकटपट्टी लावलेलं बोट २४ मध्ये बसत नाही. बटणातलं चित्र, म्हणजे आयकॉन, २४ चं चालेल, त्याभोवती दाबायची जागा ४८ ची करा. दोन बटणांत ८ चं अंतर, आणि 'रद्द करा' हे 'जतन करा'ला कधीही खेटून नको.

चित्रांच्या रेघेची जाडी सगळीकडे सारखी, २ असेल तर २. आणि मापाने बरोबर असूनही डोळ्याला चुकीची वाटणारी एक जागा आहे: गोलातला त्रिकोण, व्हिडिओ चालू करायचा असतो तो. त्याची चौकट मधोमध ठेवली तर त्रिकोण डावीकडे कललेला भासतो, कारण त्याचं वजन सपाट बाजूला असतं. तो उजवीकडे जरा सरकवावा लागतो. इथे मोजपट्टीपेक्षा डोळ्याचं ऐका. चौकोनाशेजारी गोल ठेवतानाही तसंच: सारख्या उंचीचा गोल लहान वाटतो, म्हणून तो केसभर मोठा काढतात.

सातवी पायरी: बनवून आलेली स्क्रीन तपासणे

तुम्ही काढलेलं आणि प्रोग्रॅमरने बनवलेलं कधीच तंतोतंत एक येत नाही. बनलेल्या ॲपचा स्क्रीनशॉट घ्या, ३६० रुंद करा, तुमच्या चौकटीवर ठेवा आणि त्या थराची मिसळ 'डिफरन्स' करा. जे जुळलं ते काळं होईल, जे हललं ते उजळ दिसेल. अक्षरांच्या कडा थोड्या चमकतीलच, त्याकडे दुर्लक्ष करा.

आता यादी करायची, आणि इथे नवीन पोरं हमखास घसरतात. सगळं सापडलेलं एका दमात प्रोग्रॅमरच्या अंगावर टाकतात. तो बिचारा नागपुरात किंवा पुण्यात चार कामं सांभाळत असतो. तुमची ४० मुद्द्यांची यादी बघून तो एकही धड करत नाही. वाचण्यात चूक घडवणारे मुद्दे आधी: चुकीच्या जवळीकेचं अंतर, कापलेली वेलांटी, हललेला रकाना, उडालेलं शून्य. मग दाबण्यात चूक घडवणारे. उरलेला एखाद-दुसऱ्या ठिपक्याचा फरक पुढच्या खेपेला. आणि 'जरा जवळ घे' असं लिहू नका. 'नाव-आकडा अंतर १२ आहे, ४ करा' असं लिहा.

फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून पुन्हा बघा. अँड्रॉइड १४ पासून ती २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात, आणि चाळिशी लागलेले बरेच लोक ती वाढवूनच ठेवतात. मोठ्या अक्षरात नाव दोन ओळींत मोडलं तरी चालेल, आकडा मोडता कामा नये. 'ठिपक्यागणिक अचूक' म्हणून मिरवणारी कित्येक डिझाइनं इथे कोसळतात, कारण ती एकाच फोनच्या एकाच सेटिंगसाठी मापलेली असतात.

शेवटी बाहेर न्या

दुपारी स्टँडवर किंवा पानटपरीवर जा. तुमची स्क्रीन आधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात फोन द्या आणि एकच विचारा: मध्यम धाग्याचा भाव किती? त्यानंतर गप्प राहा. बोट कुठे जातं, ओठ कोणता आकडा पुटपुटतात, फोन जवळ घेतला की लांब धरला, तेवढं वहीत लिहा. पाच माणसं पुरतात. समजावून सांगायचा मोह होईल, तो आवरा. ॲप वापरताना तुम्ही शेजारी नसणार.

मी दुरुस्त केलेली स्क्रीन घेऊन पहिल्यांदा त्याच काकांकडे गेलो होतो. त्यांनी माझा फोन बघितला आणि फटकन सांगितलं, "सात हजार एकशे एकवीस." मी खूश झालो. मग त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. "आता माह्यात दाखव." त्यांच्या फोनचा ब्राइटनेस बॅटरी पुरावी म्हणून पार खाली ओढलेला होता, काचेला कोपऱ्यातून तडा होता आणि तडा नेमका उजव्या बाजूच्या आकड्यांवरून गेला होता. तेव्हापासून मी चाचणीला माझा फोन काढतच नाही, समोरच्याचाच मागतो.